दोन घराण्यांचा पुत्र : वसईचे रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी एखाद्या संताचे चरित्र लिहून द्यावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा आम्ही प्रथम बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या काढून बसलो. कोणाचे चरित्र आपल्या लोकांच्या उपयोगी पडेल हे ठरविण्याआधी आपले लोक कोण आहेत, हे पाहावे एवढाच हेतू होता. त्या वह्यांत बालकाचे नाव, पित्याचे नाव, मातेचे नाव, धर्मपिता, धर्ममाता आणि सर्वांत शेवटी मूळ गाव असे रकाने आहेत. हा शेवटचा रकाना वाचीत गेले म्हणजे बसल्या जागी अर्ध्या हिंदुस्थानची यात्रा घडते. वसईकडील निर्मळ आणि नंदाखाल, नगर जिल्ह्यातील केंदळ, राहुरी आणि संगमनेर, गोव्यातील साष्टी आणि बार्देश, मंगळूर, त्रिशूर, तुतिकोरिन. पिंपरी किंवा चिंचवड हे मूळ गाव म्हणून लिहिलेले पहिल्या वहीत शोधूनही सापडत नाही. १९५४ साली पिंपरीस प्रतिजैविक औषधांचा सरकारी कारखाना स्थापन झाला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले, भोसरी-आकुर्डीच्या शेतांतून धुराडी उभी राहिली आणि पुढे तीच रांग चाकणपर्यंत जाऊन पोचली. आपण सारे त्या भोंग्याच्या हाकेला आलेले लोक आहोत.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आम्ही नवखे धर्मगुरू असताना धर्मशिक्षणाच्या वर्गातील एक मुलगा शाळेचा छापील अर्ज घेऊन आमच्याकडे आला. बाप केरळचा, फिटरचे काम करणारा, आई राहुरीकडची. घरात पोर आईशी मराठीत बोले आणि बापाशी मोडक्यातोडक्या मल्याळीत. अर्जात मातृभाषेचा रकाना होता, आणि तेथे काय लिहावे असा त्याला प्रश्न पडला होता. आम्ही फारसा विचार न करता, बापाचे घराणे तेच मुलाचे घराणे, असे सांगून तेथे मल्याळम लिहावयास लावले. त्याची आई दाराशी उभी होती. ती काही बोलली नाही. पण जाताना तिने पोराचा हात ज्या रीतीने धरला, ते आम्ही विसरलो नाही. मातृभाषेचा रकाना, आणि त्यात मातेलाच जागा नाही! पुढे पुष्कळ दिवसांनी संत गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र नीट वाचताना आमच्या त्या उत्तराची आम्हांस लाज वाटली. म्हणून या प्रसंगी त्यांचेच चरित्र निवडले आहे.

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु ह्या साधुपुरुषाचे कूळ जगाने इतक्या वेळा आणि इतक्या परींनी विचारले की, ते बाजूस ठेवून त्यांची कथा सांगताच येत नाही.

गोन्सालोंचा जन्म १५५६ च्या सुमारास वसई येथे झाला. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ रोजी तह करून वसई व तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगिजांस दिला होता, त्यास तेव्हा उणीपुरी बावीस वर्षे झाली होती. ते वसईला बसाइं म्हणत. पुढे मराठ्यांनी तिला बाजीपूर म्हटले, इंग्रजांनी बेसीन म्हटले, आणि तिच्या स्वतःच्या लेकरांनी मात्र सदासर्वकाळ वसईच म्हटले. गावालाच जेथे इतकी नावे, तेथील मुलांची काय कथा!

गोन्सालोचा पिता पोर्तुगीज शिपाई होता. गोवा घेतल्यावर, १५१० पासूनच, पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी आपल्या लोकांस येथील बायकांशी लग्न करून स्थायिक होण्यास उत्तेजन दिले होते. अशा घरबारी गृहस्थास ते काझादो म्हणत. समुद्र ओलांडून आलेल्या शिपायाने येथे घर मांडावे, मुलेबाळे वाढवावी आणि राज्याची मुळे जमिनीत रुजवावी, असा तो हिशेब होता. मात्र लग्नास उत्तेजन देणारे हेच लोक त्या लग्नातून झालेल्या संततीची प्रतवारी लावीत बसत. खुद्द पोर्तुगालात जन्मलेला तो रेइनोल. दोन्ही आईबाप पोर्तुगीज पण जन्म हिंदुस्थानातील, तो कास्तिसो. आईबापांपैकी एक येथील, तो मेस्तिसो. आणि कोकण-गोव्याचा मूळ रहिवासी तो कानारिम. धान्याच्या कोठारात निरनिराळ्या कणग्या असाव्यात तशी ही माणसांची मांडणी होती. जातिभेद हा केवळ आपल्याच देशाचा रोग आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ही यादी पुन्हा एकदा वाचावी.

गोन्सालोची आई वसईचीच. ज्या चरित्रांवरून आम्ही हे लिहीत आहोत त्यांत पित्याचा शिपाईपणा आवर्जून सांगितला आहे. आई मात्र नावाने येत नाही, ती केवळ तेथील एक देशी स्त्री म्हणून येते आणि लगेच पडद्याआड जाते. परंतु ज्या अर्थी मूल वसईत आईच्या मांडीवर वाढले, त्या अर्थी तिच्या तोंडची बोली, तिचे अन्न, पावसाळ्यात घराच्या पडवीत बसून तिने सांगितलेल्या गोष्टी, हे सारे त्याच्या अंगी भिनले असणार. पित्याकडून त्याला गार्सिया हे आडनाव मिळाले. आईकडून काय मिळाले याची नोंद कोणी ठेवली नाही. त्याचा जो उपयोग पुढे झाला, त्यावरून ते ओळखावे लागते.

वसईत येशूसंघाच्या धर्मगुरूंचे विद्यालय होते. संत फ्रान्सिस झेवियर स्वतः वसईस येऊन गेले होते, आणि त्यांच्या हयातीतच तेथे संघाचे घर झाले. आज वसईच्या किल्ल्यात गेले असता येशूसंघाच्या देवळाचे आणि फ्रान्सिस्कनांच्या संत अंतोनींच्या देवळाचे भग्न अवशेष एकाच भ्रमंतीत पाहता येतात. गोन्सालोच्या आयुष्याचे जणू दोन खांबच ते. लहानपणी तो येशूसंघाच्या विद्यालयात गेला. तेथील फादर सेबास्तियाँव गोन्साल्विस यांनी त्याला आठएक वर्षे शिकविले आणि आपल्या हाताखाली वाढविले.

१५७२ साली, वयाच्या पंधरासोळाव्या वर्षी, गोन्सालो येशूसंघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला निघाला. आज पुण्याहून मुलगा परदेशी नोकरीस जातो तेव्हा विमानतळावर आईचे डोळे भरून येतात, आणि तो रात्री फोनवर दिसतो तरी ते सुकत नाहीत. त्या काळी मलाक्का आणि मकाव करीत, अनुकूल वाऱ्याची महिनेन् महिने वाट पाहत जहाजे जपानला लागत, आणि जाणारा परत येईल असे कोणी धरून चालत नसे. शिपाई बाप पश्चिमेकडून समुद्र ओलांडून वसईस आला होता. मुलगा वसईहून समुद्र ओलांडून आणखी पूर्वेकडे गेला. नागासाकीचे बंदर पोर्तुगीज व्यापाराला आदल्याच वर्षी, १५७१ मध्ये, खुले झाले होते.

जपानात त्याचे मोठे सामर्थ्य प्रकट झाले, ते भाषेचे. तो जपानी भाषा लवकर शिकला. ज्या भाषेपुढे थोर विद्वान धर्मगुरू वर्षानुवर्षे हात टेकीत, ती ह्या पोराच्या जिभेवर चढली. यात आम्हांस नवल वाटत नाही. ज्या घरात उंबऱ्याच्या आत एक भाषा आणि बाहेर दुसरी, त्या घरातील मूल तिसरी भाषा शिकताना अडखळत नाही, हे आपण आपल्या वस्तीत रोज पाहतो. शिवाय स्वभावाने तो मनमिळाऊ होता. आपल्या नगर भागात गावोगाव फिरून प्रार्थना शिकविणाऱ्या मास्तरांनी जे काम केले, तेच काम गोन्सालोने जपानात सुमारे आठ वर्षे केले. लोकांस धर्म शिकविणे, आजाऱ्यांस भेटणे, धर्मगुरूंच्या बोलण्याचा अर्थ जपानी माणसास समजावणे, हा त्याचा नित्यक्रम होता.

येशूसंघात प्रवेश मिळावा अशी त्याची मनापासून इच्छा होती, असे चरित्रकार सांगतात. ती पुरी झाली नाही. हे कसे झाले हे समजण्यास त्या काळचे धोरण पाहिले पाहिजे. पूर्वेकडील येशूसंघाचे निरीक्षक आलेसांद्रो वालिन्यानो हे असामान्य बुद्धीचे इटालियन धर्मगुरू होते. जपानी लोकांविषयी त्यांना मोठा आदर होता; १५८० मध्ये त्यांनी जपानी तरुणांसाठी सेमिनऱ्या उघडल्या, आणि त्यांतील पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक, पौल मिकी, पुढे संत झाला. परंतु हिंदुस्थानातील लोकांस आणि मिश्र वंशाच्या मुलांस संघात घेऊ नये, असे याच वालिन्यानोंचे मत होते. जपानी डोळ्यांतील तेज त्यांस दिसले. वसईच्या पोराच्या डोळ्यांतील दिसले नाही. आम्ही सेमिनरीत येशूसंघाच्याच पुस्तकांवर वाढलो आणि त्या संघाचे ऋण आमच्यावर मोठे आहे, तरी ह्या ठिकाणी त्यांचे समर्थन करणे आम्हांस जमत नाही. काळच तसा होता, एवढे म्हणून ही गोष्ट मिटत नाही, कारण त्याच काळात वेगळे वागणारेही होते, आणि त्यांचे दार गोन्सालोला पुढे उघडे सापडले.

आठ वर्षांची सेवा सोडून गोन्सालोने व्यापार धरला. भाषा येत होती, माणसे जोडण्याची कला होती. व्यापार भरभराटीस आला आणि निरनिराळ्या ठिकाणी त्याच्या शाखा निघाल्या. येथे त्याची कथा संपली असती तर कोणी त्यास दोष दिला नसता. ज्याला घरात घेतले नाही, त्याने अंगणात आपली झोपडी बांधली आणि सुखाने राहिला, असे जगाने म्हटले असते. परंतु व्यापाराच्या निमित्ताने त्याला वारंवार मनिलास जावे लागे, आणि तेथे त्याची फ्रान्सिस्कन साधूंशी ओळख झाली. अनवाणी चालणारी, ठिगळांचे झगे घालणारी ही माणसे त्याच्या मनात भरली. अखेर त्याने पेढ्या बंद केल्या, धन सोडले, आणि फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून प्रवेश केला. धर्मगुरूपदाची दीक्षा त्यांस नव्हती. सेवा करणारा व्रतस्थ बंधू, एवढाच त्यांचा दर्जा. येथून पुढे आम्ही त्यांचा उल्लेख बंधू गोन्सालो असा आदराने करू.

१५९३ च्या मे महिन्यात फिलिपिन्सचे स्पॅनिश गव्हर्नर गोमेस पेरेस दासमारिन्यास यांनी जपानच्या सत्ताधीशाकडे वकिलात पाठविली. वकील होते फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता, आणि दुभाषी होते बंधू गोन्सालो. जपानचा तो सत्ताधीश म्हणजे तोयोतोमी हिदेयोशी, ज्यास मिशनरी तायको-सामा म्हणत. कोरियावरील स्वारीसाठी तो त्या वेळी क्यूशू बेटावरील नागोया येथे तळ देऊन होता.

ह्या भेटीचा विचार आमच्या मनात नेहमी घोळतो. हिदेयोशी हा एका सामान्य शेतकरी शिपायाचा मुलगा. स्वपराक्रमाने तो साऱ्या जपानचा धनी झाला. पण कूळ हलके म्हणून उच्च पद मिळेना, तेव्हा १५८५ मध्ये त्याने राजधानीतील एका थोर सरदार घराण्यात स्वतःस दत्तक करून घेतले आणि ते पद मिळविले. पुढे तोयोतोमी हे नवे कुलनामही त्याने घेतले. म्हणजे त्या दरबारात दोन शिपायांचे दोन मुलगे समोरासमोर आले होते. एक आपल्या बापाचे घर झाकून, उसन्या कुळाच्या सिंहासनावर बसलेला; दुसरा अनवाणी, दोरीने झगा बांधलेला, ज्याच्या चेहऱ्यावर त्याची आई आणि ज्याच्या नावात त्याचा बाप सर्वांस उघड दिसत होता. हिदेयोशीने फ्रान्सिस्कनांस क्योतोमध्ये राहण्याची परवानगी दिली. १५९४ मध्ये तेथे त्यांचे देऊळ झाले, आणि त्याच्याजवळ महारोग्यांसाठी रुग्णालय झाले. बंधू गोन्सालो यांचे पुढील दिवस त्या रुग्णांत आणि बाजारच्या रस्त्यांवर, दुसऱ्यांचे शब्द तिसऱ्यांस पोचविण्यात गेले.

यापुढील इतिहास थोडक्यात सांगतो. हिदेयोशीने १५८७ मध्येच मिशनऱ्यांस देशाबाहेर जाण्याचा हुकूम काढलेला होता. तो कडकपणे अमलात आणला नव्हता इतकेच. १५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नावाचे मोठे स्पॅनिश गलबत वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्यास लागले. त्यातील माल जप्त करण्यावरून तंटा झाला, आणि मिशनरी हे स्पेनच्या फौजांचे पुढारी आहेत असा संशय दरबारात बळावला. डिसेंबरात क्योतोच्या मठावर पहारा बसला आणि लवकरच धरपकड झाली. ३ जानेवारी १५९७ रोजी कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला, त्यांस गाड्यांवर बसवून क्योतोच्या रस्त्यांतून फिरविले, आणि मग नागासाकीपर्यंत सुमारे ८०० किलोमीटरची वाट ऐन हिवाळ्यात चालविली. निघताना ते चोवीस होते. वाटेत त्यांची सेवा करावयास आलेले दोघे ख्रिस्ती त्यांच्यातच धरले गेले, आणि सव्वीस झाले.

ते जिकडून चालत गेले त्याच मुलखात हिरोशिमा आहे, आणि येथे एक आडवाट घेण्याची वाचकांनी परवानगी द्यावी. आपल्या पुणे धर्मप्रांताचे बिशप हेन्री डोरिंग, जन्माने जर्मन, ज्यांनी १९०३ साली मराठीत निरोप्या मासिक सुरू केले, त्यांस १९२१ मध्ये पोपसाहेबांनी पुण्याहून हिरोशिमास पाठविले. सहा वर्षांनी ते पुन्हा पुण्यास आले. जर्मन माणूस, मराठी मासिक, जपानी धर्मप्रांत! ख्रिस्तसभेत अशा उलटसुलट वाटा पुष्कळ आहेत. असो.

त्या सव्वीसांचे कूळ एकेकाने पाहावे. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते : चार स्पेनचे, पाचवे फेलिपे द हेसूस, स्पेनहून आलेल्या आईबापांच्या पोटी मेक्सिको शहरात जन्मलेले आणि त्या अभागी गलबतातून घरी निघालेले, आणि सहावे आपले वसईचे बंधू गोन्सालो. येशूसंघाचे तिघे जपानी, त्यांत पौल मिकी. बाकीचे सतरा जपानचे साधे संसारी लोक आणि मुले. मुलांपैकी अंतोनी तेरा वर्षांचा, नागासाकीचाच. त्याचा बाप चिनी आणि आई जपानी. लुईस इबाराकी बारा वर्षांचा. चौदा वर्षांच्या थॉमस कोझाकीने वाटेत आईला लिहिलेले पत्र त्याच्या बापाच्या कपड्यांत सापडले. बापही त्याच्याबरोबर क्रूसावर मेला. इतक्या देशांची, इतक्या रक्तांची माणसे एका दोरीत बांधली गेली होती, आणि त्यांना आपसांत बोलावयाचे तर जपानी आणि पश्चिमेकडील दोन्ही भाषा जाणणारा माणूस लागत होता. तो त्यांच्यात होता. दरबारात ज्याने गव्हर्नरचा निरोप भाषांतरित केला, त्याच्याच तोंडून मरणाच्या वाटेवर मुलांना धीराचे शब्द मिळाले असतील, अशी कल्पना आम्ही करतो.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस ओळीने उभे राहिले. जपानी रीतीप्रमाणे लोखंडी कड्यांनी आणि दोरांनी त्यांस बांधण्यात आले. क्रूसावर प्रथम चढविले ते गोन्सालोंस, असे जुने चरित्रकार सांगतात. दोन्ही बाजूंनी भाले खुपसून त्यांचा अंत करण्यात आला. वय चाळीशीच्या आसपास. ज्या पौल मिकीच्या संघाने त्यांस आत घेतले नव्हते, तो पौल मिकी त्याच ओळीत होता. कोण आत आणि कोण बाहेर, हा प्रश्न त्या टेकडीवर उरला नाही.

उरला तो मागे राहिलेल्यांस. पोप आठवे उर्बन यांनी १६२७ मध्ये ह्या रक्तसाक्षींस धन्यवादित ठरविले, आणि त्यानंतर गोन्सालोंच्या कुळाची चौकशी पुन्हा सुरू झाली. ती चालली कोठे म्हणाल, तर अटलांटिक महासागराच्या पलीकडे, ब्राझीलात! तेथे पोर्तुगीज बाप आणि आफ्रिकी किंवा देशी आई यांच्या संततीस पार्दो, म्हणजे सावळे, म्हणत. त्यांना मानाच्या जागा बंद होत्या, आणि त्यांच्यासारख्या रक्ताचा माणूस कधी वेदीवर बसेल काय, असे हिणवून विचारले जाई. अशा लोकांस कोठून तरी कळले की, वसई नामक दूरच्या गावी पोर्तुगीज बापाच्या आणि सावळ्या आईच्या पोटी जन्मलेला एक जण धन्यवादित झाला आहे. १७४५ मध्ये रेसिफे शहरात त्यांनी गोन्सालोंची मूर्ती मिरवीत मोठा उत्सव केला. गोऱ्यांपैकी कित्येकांनी शंका काढली की, हा मनुष्य खरोखर मिश्र वंशाचा होता कशावरून? तेव्हा जाबोआताँव नावाच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी वेदीसमोर उभे राहून एक विस्तृत प्रवचन केले, आणि भूगोल, वंशावळ व इतिहास यांच्या आधारे सिद्ध केले की गोन्सालोंची आई वसईची देशी स्त्रीच होती आणि म्हणून ते पार्दोच होते. हे प्रवचन १७५१ मध्ये लिस्बन येथे छापले गेले. पुढे ब्राझीलात पेनेदो, सांव जोआंव देल रेई अशा गावी गोन्सालोंच्या नावाने देवळे उभी राहिली.

वाचकहो, थोडे थांबून ह्याचा विचार करा. ज्या बाईचे नाव चरित्रकारांनी लिहून ठेवले नाही, तिच्या रंगाच्या आधारावर समुद्रापलीकडील हजारो तुडविलेल्या लोकांनी आपली मान वर केली. बापाच्या आडनावाने त्यांचे काम झाले नसते.

इकडे वसईत १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने किल्ला घेतला, पोर्तुगीज सत्ता गेली, आणि किल्ल्यातील देवळे ओस पडली. गावोगावचे ख्रिस्ती लोक मात्र आपल्या शेतांवर, आपल्या बोलीसह, राहिले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी रोम येथे सव्वीसही जणांस संतपद दिले. वसईजवळ गास येथे त्यांच्या नावाचे देऊळ आहे, वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे, आणि निशिझाका टेकडीवर १९६२ साली उभारलेल्या स्मारकात सव्वीसांच्या मूर्तींत त्यांचीही मूर्ती आहे. मात्र सार्वत्रिक पंचांगात हा सण पौल मिकी व सोबती या नावाने ६ फेब्रुवारीस येतो, आणि आपले वसईकर त्या सोबती शब्दात दडून बसतात.

२००८ साली केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांस संतपद मिळाले तेव्हा काही वर्तमानपत्रांनी त्यांस हिंदुस्थानच्या पहिल्या संत म्हटले, आणि वसईकरांस ते रुचले नाही. बाप पोर्तुगीज म्हणून गोन्सालो आपले नव्हेत, असा त्या म्हणण्याचा अर्थ होत होता. म्हणजे पाहा, येशूसंघाने त्यांस आईकडे पाहून बाहेर ठेवले. आणि सव्वाचारशे वर्षांनी आम्ही बापाकडे पाहून तेच करू लागलो. केरळच्या त्या थोर साध्वीचा मान आम्ही रतिमात्र कमी करू इच्छित नाही. परंतु ज्या मातेने त्यांस जन्म दिला ती वसईची, ज्या मातीत ते चालावयास शिकले ती वसईची; मग त्यांच्या घराण्याचा अर्धा भाग लिस्बनकडून आला म्हणून बिघडले कोठे? आपल्या धर्मग्रामातील अर्ध्याहून अधिक बालके ह्या कसोटीवर कोणत्याच गावची ठरणार नाहीत. मुंबई-साष्टीकडील आपल्याच ख्रिस्ती बांधवांनी १८८७ मध्ये, नोकरीसाठी मुंबईस आलेल्या इतर ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे दिसावे म्हणून, ईस्ट इंडियन हे इंग्रजी नाव घेतले, आणि आज ते नाव त्यांच्या लग्नगीतांइतकेच त्यांचे झाले आहे. नावे बाहेरून येतात, राहतात, आणि घरची होतात.

ज्या मुलाची गोष्ट आरंभी सांगितली, तो आज चाकणच्या एका कारखान्यात पाळी-प्रमुख आहे. त्याने वसईकडील मुलीशी लग्न केले. गेल्या फेब्रुवारीत तो आपल्या कन्येस बाप्तिस्म्यासाठी घेऊन आला, आणि विधी झाल्यावर आम्ही वही उघडली. मूळ गावाचा रकाना इंचभर रुंदीचा आहे. त्यात त्रिशूर, राहुरी आणि निर्मळ अशी तीन नावे एकाखाली एक लिहिताना शाई खालच्या ओळीत उतरली. मुलाची आई, आता आजी झालेली, चष्मा लावून पुढे आली आणि राहुरी नीट लिहिले आहे ना, ते तिने वाकून पाहिले.